लुदुगाचे कोठार

शेतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी की, ज्याने शेत नांगरले त्याने लिहिले नाही आणि ज्याने लिहिले त्याने बहुधा नांगर हाती धरला नाही. राजांचे शिलालेख सापडतात, देवस्थानांच्या देणग्यांचे ताम्रपट सापडतात, वसुलीच्या वह्यांचे रुमाल सापडतात. परंतु वाफसा कसा ओळखावा, औत केव्हा धरावे, बी किती खोल पडावे, हे ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हाती गेले आणि वाटेत त्याची नोंद कोणी ठेवली नाही. हातांची ही साखळी अखंड होती तोवर नोंदीवाचून कोणाचे अडलेही नाही. आता ती साखळी जगभर तुटत आहे. ज्या पिढीने बैलांचे औत चालताना पाहिले नाही, खळ्यावर उधळणीचा भुसा अंगावर घेतला नाही, त्या पिढीला जुनी शेती कळावी कशी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला आज टाळता येत नाही.

या प्रश्नाला आपल्या काळाने एक अनपेक्षित उत्तर दिले आहे, आणि ते ग्रंथालयातून किंवा वस्तुसंग्रहालयातून आलेले नाही. ते खेळांतून आलेले आहे. संगणकाच्या पडद्यावर शेत मांडायचे, पेरणी करायची, पाणी द्यायचे, पीक काढायचे, असे खेळ आज लक्षावधी मुले आणि मोठी माणसेही खेळत असतात. ज्यांनी कधी विळा धरला नाही ती माणसे या खेळांतून भाताची लावणी शिकल्याचे सांगतात. वडीलधारी मंडळी अशा खेळांना वेळेचा अपव्यय म्हणून बाजूला सारतात. उत्साही मंडळी त्यांना नवी शाळा म्हणतात. आम्ही येथे त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहणार आहो. बखर हाती आली की इतिहासकार तिला जे प्रश्न विचारतो तेच या खेळांना विचारावेत, असे आम्हांला वाटते: हे कोणी रचले, कोणासाठी रचले, कशाच्या आधारे रचले, आणि रचताना काय गाळले?

या खेळांचा आरंभ जेथे झाला तेथूनच सुरुवात करणे बरे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वेस्टचेस्टर नावाचा परगणा आहे. तेथील शाळांच्या सहकारी शिक्षण मंडळाने आणि आय. बी. एम. या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने १९६२ साली एकत्र येऊन, शिक्षणात संगणकाचा उपयोग कसा होईल याचा विचार सुरू केला. एखाद्या व्यवहाराची हुबेहूब नक्कल यंत्रात मांडायची आणि मुलांनी त्या नकलेत निर्णय घेऊन परिणाम पाहायचे, अशी ती कल्पना होती. विषय म्हणून प्राचीन सुमेर निवडावा, ही सूचना आय. बी. एम.चे ब्रूस मॉन्क्रीफ यांची. ग्रीकांच्या आधीच्या संस्कृती शाळांतून दुर्लक्षिल्या जातात, हे त्यांना खटकत होते. सरकारी शिक्षण खात्याचे अनुदान मिळाले. कटोना या गावच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकविणाऱ्या मेबल ॲडिस या बाईंनी खेळाची रचना केली, यंत्राची आज्ञावली विल्यम मॅके यांनी लिहिली, आणि १९६४ साली सहावीतील तीस मुलांपुढे तो खेळ ठेवण्यात आला. त्याचे नाव 'सुमेरचा खेळ'. संगणकावरचा शेतीचा हा पहिलाच खेळ म्हणावयास हरकत नाही. आणि तो एका शाळामास्तरणीने रचला, ही गोष्ट शिक्षकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

आज संगणक म्हटले की डोळ्यांपुढे पडदा येतो. त्या खेळाला पडदा नव्हता. एक खोली व्यापणारे यंत्र दूर कोठे तरी असे आणि मुलापुढे टंकयंत्रासारखे एक उपकरण. त्यावर मजकूर छापला जाई, त्याला मुलाने आकड्यांत उत्तर टंकित करावयाचे. मुलगा म्हणजे लगाश नगरीचा राजा, पहिला लुदुगा. काळ इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराचा. राजाचा कारभारी येऊन वर्दी देतो की, अमुक इतके धान्य आले, प्रजा इतकी, जमीन इतकी. आता सांगा महाराज: खाण्यासाठी किती द्यावे, बियाण्यासाठी किती काढावे, कोठारात किती ठेवावे? उत्तर दिले की हंगाम सरतो आणि पुढची वर्दी येते. मधूनच आग लागते किंवा पूर येतो आणि कोठाराचा काही भाग नाहीसा होतो. पहिल्या लुदुगाचा भाग सर्वस्वी शेतीचा होता. दुसऱ्या लुदुगाच्या भागात उरलेल्या धान्यावर कारागीर पोसणे आले. तिसऱ्याच्या भागात व्यापार आला. १९६६ पर्यंत या खेळाची सुधारणा चालू होती. ध्वनिफितीवरील भाषणे आणि पारदर्शिकांची चित्रे त्याला जोडण्यात आली. पुढे प्रकल्प संपला आणि मूळ आज्ञावलीही हरवली. यंत्राने छापलेले काही कागद तेवढे उरले. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या आपणांपाशी आहेत आणि साठ वर्षांपूर्वीची आज्ञावली नाही, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खेळ हरवला तरी त्याची कल्पना पसरली. १९६८ साली डग डायमेंट यांनी त्या खेळाचे वर्णन ऐकून एक छोटी आवृत्ती लिहिली. १९७३ साली डेव्हिड आल यांनी ती 'बेसिक' या सोप्या यंत्रभाषेत आणून १०१ खेळांच्या संग्रहात छापली. तिचे नाव 'हमुराबी'. मूळ नावातील एक 'म' त्यात गळालेला आहे. खरा हम्मुराबी हा बाबिलोनचा राजा, इसवी सनापूर्वी सुमारे १७९२ ते १७५०. त्याला सुमेरच्या गादीवर बसविणे म्हणजे काळाचा मोठाच घोटाळा होय. पण खेळाची आज्ञावली अवघ्या काही पानांची असल्याने ती असंख्य लोकांनी स्वतः यंत्रात उतरवून खेळली, आणि तिचे नियम आज आपणांस नेमके तपासता येतात. आपण ते तपासू.

आरंभी राजापाशी १०० माणसे, १,००० एकर जमीन आणि २,८०० बुशेल धान्य असते. बुशेल हे अमेरिकेतील धान्याचे माप, सुमारे ३५ लिटरांचे. प्रत्येक माणसाला जगण्यासाठी वर्षाला २० बुशेल लागतात. एकराला अर्धा बुशेल बियाणे लागते. एक माणूस फार तर १० एकर कसू शकतो. म्हणजे सर्वांना पोटभर द्यावयाचे तर २,००० बुशेल गेले, सगळी जमीन पेरावयाची तर ५०० गेले, हाती ३०० राहिले. आता पीक किती येईल हे राजाच्या हाती नाही. एकरी एकपासून पाचपर्यंत जो आकडा यंत्र काढील तो खरा. तीन पडला तर ३,००० बुशेल आले आणि राज्य सावरले. एक पडला तर १,००० आले, आधीचे ३०० मिळून १,३०० झाले. त्यात ६५ माणसे जगतील आणि बियाण्याला एक दाणा उरणार नाही. त्यातून उंदीर खातील ते निराळेच, आणि साथ आली तर निम्मी प्रजा जाते. जमीन विकून धान्य घेता येते, पण जमीन विकली की पुढच्या वर्षीचे पीक विकले. एका वर्षात शेकडा ४५ हून अधिक माणसे उपासमारीने मेली तर राजाला गादीवरून हाकलण्यात येते. असे दहा हंगाम काढावयाचे.

या एवढ्याशा हिशेबात केवढे शिक्षण आहे पाहा. खाणे आणि पेरणे ही दोन्ही एकाच कणगीतून होतात, आजचा घास हा उद्याच्या पिकातून वजा होतो, ही गोष्ट दुकानातून पिठाची पिशवी आणणाऱ्या मुलाला कोणत्या पुस्तकाने पटवावी? आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला ती सांगावी लागत नव्हती. दुष्काळातही बियाण्याच्या मडक्याला हात लावताना त्याचा हात कापे. बियाणे खाल्ले की पुढचे वर्ष संपले, हे वाक्य पाठ करणे निराळे आणि स्वतःच्या चुकीने ३५ माणसे उपाशी मेल्याची वर्दी कागदावर वाचणे निराळे. इतिहासाच्या तासाला सनावळ्यांनी जे साधत नाही ते या खेळाने साधले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता हा हिशेब खऱ्या सुमेरच्या हिशेबापुढे ठेवू. दक्षिण इराकातील उरुक येथे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराच्या ज्या मातीच्या पाट्या मिळाल्या त्या मानवाच्या अगदी पहिल्या लेखनातल्या. आणि त्यांतील बहुतांश स्तोत्रे नाहीत, कथा नाहीत, जव, जनावरे आणि मजुरी यांचे हिशेब आहेत. लगाश राज्यातील गिर्सू येथे १८७७ पासून फ्रेंचांनी उत्खनन केले. तेथून आणि इतर ठिकाणांहून अशा हिशेबाच्या पाट्या हजारोंनी निघाल्या. ऊरच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी २१०० ते २००० च्या दरम्यान, पुरुष मजुराला महिन्याला बहुधा ६० सिला जव मिळत. सिला म्हणजे जवळजवळ एक लिटर. वर्षाचे झाले ७२० लिटर. खेळातल्या माणसाचे २० बुशेल म्हणजे सुमारे ७०५ लिटर! हे आकडे जाणून जुळविले असोत वा योगायोगाने जुळले असोत, जुळले आहेत खरे.

परंतु येथेच फरकही दिसतो. पाटीवर ६० सिला हे धडधाकट पुरुषाचे. बाईला साधारण त्याच्या निम्मे, मुलांना त्याहून कमी. दळणाऱ्या, विणणाऱ्या बायकांच्या याद्या त्या पाट्यांवर आहेत. खेळात मात्र १०० माणसे म्हणजे १०० तोंडे. त्यांत बाई नाही, मूल नाही, गुलाम नाही. सुमेरचा कोठावळा जितका भेद करीत होता तितकाही खेळाने केला नाही. मुलांच्या सोयीसाठी हे सोपे केले, हे समजण्यासारखे आहे. पण सोपे करताना जे गळते ते कोणाचे गळते, याकडे लक्ष असावे.

दुसरा फरक पिकाचा. खेळात अर्ध्या बुशेलाचे एक ते पाच बुशेल होतात, म्हणजे पेराच्या दुप्पट ते दसपट. सुमेरच्या हिशेबांत हे प्रमाण वीस-तीस पटींपर्यंत गेलेले दिसते. जमीन गाळाची आणि पाणी कालव्याचे हे एक कारण. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे पेरणीचे अवजार. सुमेरचा शेतकरी बी फेकून पेरीत नसे. त्याच्या नांगराला उभी नळी जोडलेली असे, वर नरसाळ्यासारखे तोंड, आणि त्यातून एक माणूस मुठीने बी सोडीत चाले. दाणा तासाच्या तळाशी जाऊन पडे. मुद्रांवर कोरलेल्या चित्रांत हा नांगर दिसतो. मराठी श्रोत्याला त्याचे वर्णन लांबवायला नको. आपल्या पाभरीचे वा तिफणीचे चाडे आणि नळे ज्याने पाहिले असतील त्याने सुमेरचा नांगर पाहिलाच म्हणावयाचा. चाड्यावर मूठ धरणे हे कसब होते. मूठ सैल पडली तर बी वाया, आवळली तर तासात खाडे. पिकाचा आकडा या मुठीवर ठरत होता, आणि खेळात ही मूठ कोठेच नाही. तेथे पीक ठरते ते यंत्राने टाकलेल्या फाशावर.

आता कोणी म्हणेल की, ज्या गोष्टीची नोंदच नाही ती खेळात कशी यावी? पण या एका बाबतीत नोंद आहे, आणि ती मोठी विलक्षण आहे. निप्पूर या प्राचीन नगरात १९४९-५० च्या सुमारास अमेरिकन उत्खननात एक पाटी मिळाली. तिच्या आणि आधी सापडलेल्या तुकड्यांच्या साहाय्याने सॅम्युएल नोआ क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक ओळींची एक सुमेरी रचना जुळविली. पाट्या इसवी सनापूर्वी अठराव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. शेतकरी आपल्या मुलाला वर्षभराच्या कामाचा उपदेश करतो, असे तिचे रूप आहे. पाणी सोडण्यापूर्वी बांध आणि पाट पाहा. शेतात पाणी फार चढू देऊ नकोस. ओलसर जमीन बैलांच्या खुरांनी तुडवून घे. अवजारे आधीच दुरुस्त करून ठेव. जास्तीचा बैल हाताशी असू दे. बी सोडणाऱ्यावर नजर ठेव, दाणा सारख्या खोलीवर, दोन बोटे खाली पडला पाहिजे. बी नीट शिरत नसेल तर फाळ बदल. पीक कलण्याआधी, भर असतानाच काप. कापणीला एक कापणारा, एक पेंढ्या बांधणारा आणि एक त्या रचणारा असे तिघे घाल. पीक उगवले की शेतातील उंदरांच्या आणि किडींच्या देवतेची, निन्किलिमची, प्रार्थना कर असेही तो सांगतो. खेळात उंदीर येतात ते वजाबाकीचा आकडा होऊन. पाटीवर ते भय होऊन येतात, आणि त्या भयाला उपाय म्हणून हात जोडले जातात.

तरी या उपदेशातही एक सावधगिरी पाळली पाहिजे. तो लिहिला पाठशाळेत; लेखनिकांच्या मुलांनी तो गिरविला. बोलणारा माणूस मजूर नव्हे, मजुरांवर देखरेख करणारा आहे. तथापि तो बांधावर उभा आहे, कोठारात बसलेला नाही. लुदुगा आणि हा बाप यांच्यातील अंतर ते हेच. राजाने विचारावयाचे, किती. शेतकऱ्याने विचारावयाचे, केव्हा आणि कसे. सुमेरच्या खेळाने कोठाराचे ज्ञान उत्तम दिले, बांधाचे दिले नाही. आणि ते देणे अशक्य होते म्हणून नव्हे, कारण बांधाची पाटी तोवर वाचली गेली होती.

काळाच्या बाबतीत तर खेळाची मर्यादा अधिकच उघडी पडते. खेळातील संकटे आकाशातून पडतात: पूर, आग, उंदीर, साथ. राजाचा त्यांत दोष नसतो आणि पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी होते. पण सुमेरच्या शेतीवर आलेले सर्वांत मोठे संकट आकाशातून आलेच नाही. १९५८ साली, म्हणजे खेळाच्या सहा वर्षे आधी, थॉर्किल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. कालव्यांच्या अतिपाण्याने भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि जमिनी खारावल्या, असे त्यांनी त्यात मांडले. इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळजवळ सारखे पिकत; पुढे क्षार सोसणारा जव वाढत गेला आणि गहू हटत गेला; गिर्सूजवळचे पीक इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास हेक्टरी सुमारे २,५०० लिटर होते ते तीनशे वर्षांत १,५०० लिटरांच्या आत आले, असे त्यांचे गणित. मार्विन पॉवेल यांनी १९८५ साली या गणितावर आक्षेप घेतले आणि वाद अजून मिटलेला नाही. पण नुकसान कसे होते याबद्दल वाद नाही. अधिक पाणी म्हणजे यंदा अधिक पीक, आणि त्याच पाण्याने नातवाच्या वाट्याला पांढरी जमीन. दहा हंगामांच्या खेळात हे दिसूच शकत नाही. तेथे नातू नसतो.

हे संकट आपल्यालाही परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचे पाणी कालव्याने बारामतीकडे आले, ऊस उभा राहिला, आणि थोड्याच वर्षांत खोऱ्यातील जमिनी चोपण होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी तम्हाणे यांच्यासह केलेला या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध झाला. आजही कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. जुन्या शेतीचा इतिहास कामाला येतो तो अशा ठिकाणी.

सुमेरच्या खेळानंतरचा प्रवास आपण झपाट्याने पाहू. १९९३ साली अमेरिकेत 'सिमफार्म' आला. तो आधुनिक शेताच्या व्यवस्थापनाचा खेळ होता. १९९६ साली जपानात यासुहिरो वादा यांचा 'बोकुजो मोनोगातारी', म्हणजे 'कुरणाची गोष्ट', आला. ग्रामीण भागातून टोकियोत आलेल्या माणसाची गावाची ओढ त्यात होती, आणि त्याने राजाला बाजूला सारून एकट्या शेतकऱ्याच्या हाती कुदळ दिली. २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' हा त्याच घराण्यातला. तो एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचला. हे खेळ गोड आहेत, पण त्यांतली शेती ही बहुतांशी गावाच्या आठवणीची सजावट आहे. बी टाकावे, रोज पाणी घालावे, ठरल्या दिवशी पीक काढावे. न वठता ते वठते.

या परंपरेत वेगळा उठून दिसतो तो २०२० साली जपानात निघालेला 'साकुना'. एडेलवाइस नावाच्या अगदी छोट्या मंडळीने तो रचला. त्यात एक देवता माणसांसह एका बेटावर धाडली जाते आणि तिला भात पिकवावा लागतो. बी पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे करणे, रोप तयार करणे, चिखलणी, दोन रोपांतील अंतर धरून लावणी, दिवसागणिक पाण्याची उंची राखणे, बेणणी, मध्ये शेत कोरडे पाडणे, विळ्याने कापणी, बांबूच्या आडव्यांवर पेंढ्या वाळविणे, झोडणी आणि कांडण, असा सारा क्रम त्यात आहे. घाई केली, पाणी चुकले, खत जास्त झाले की पीक बिघडते, आणि यंत्र कारण सांगत बसत नाही. तेव्हा झाले असे की, खेळणारे लोक जपानच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील भातशेतीची माहिती वाचू लागले, कारण खेळात जिंकण्याची वाट तेथे सापडत होती. याची जपानी वृत्तपत्रांतून चर्चाही झाली. सुमेरच्या उपदेशातला बाप या खेळात प्रथमच शिरला असे आम्हांला वाटते. केव्हा आणि कसे, हे प्रश्न येथे खेळणाऱ्याला विचारावे लागतात.

आणि तरीही इतिहासकाराचा चौथा प्रश्न, काय गाळले हा, येथेही उरतोच. खेळात आरंभी काड्यांच्या चिमट्यातून लोंब्या ओढून दाणे काढावे लागतात. पुढे दातेरी फणीचे अवजार मिळते आणि काम भराभर होते. खेळणारा सुखावतो. ही फणी, जपानी भाषेत 'सेनबाकोकी', खऱ्या इतिहासात गेनरोकु काळात, १६८८ ते १७०४ च्या सुमारास, प्रचारात आली. तिला लोकांनी दुसरेही एक नाव दिले होते: 'गोकेदाओशी', म्हणजे विधवांना आडवी पाडणारी. चिमट्याने दाणे काढण्याची मजुरी हा गावातील निराधार बायकांचा आधार होता. फणी आली आणि तो गेला. खेळात अवजार सुधारले की सर्वांचेच भले होते. गावात तसे झाले नव्हते, आणि ज्यांचे झाले नाही त्यांनी आपला शेरा अवजाराच्या नावातच मारून ठेवला.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. खेळ शेतीचे गणित शिकवितो, आणि चांगला रचला तर शेतीचे कामही शिकवितो. पण शेतीतला वाटा आपोआप शिकवीत नाही. पिकलेले कोणाचे, हा प्रश्न रचणाऱ्याने मुद्दाम घातल्यावाचून खेळात येत नाही. कारण ज्या नोंदींवर तो उभा असतो त्या नोंदी बहुधा घेणाऱ्याने केलेल्या असतात. आणि ज्या पिढीला जुन्या शेतीची दुसरी ओळखच नाही, तिला खेळात जे नाही ते कधी नव्हतेच असे वाटणार. यात धोका आहे तो हा.

समजा, उद्या कोणी दख्खनच्या जुन्या शेतीचा खेळ रचावयास निघाला. त्याने पहिला नियम कोणता घालावा? आमच्या मते तो खळ्यावर घालावा. धान्य घरच्या पेवात जाण्यापूर्वी खळ्यावरच त्याला वाटे फुटत: सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट यांचे बलुते, मग सरकारचा सारा, मग सावकार. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. त्यात हे वाटे बारकाईने नोंदलेले आहेत, आणि कोणाच्या पदरात मानाने पडे व कोणाला दारोदार फिरून मागावे लागे हा भेदही त्यातून दिसतो. त्याच्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या घरातून पीक कोणकोणत्या वाटांनी बाहेर जाते ते मांडले होते. आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांचा राग कागदावर होता, हे ध्यानात घ्यावे. घेणाऱ्याने लिहिलेला हिशेब हीच आपली बेडी आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. दुसऱ्यांदा मागितलेले कर्ज, अपुऱ्या पावसात भरावयाचा सारा, सुगीच्या दिवशी दारात उभा राहिलेला माणूस, या गोष्टी नियम म्हणून खेळात घालता येतात. यंत्राला त्याची अडचण नाही. अडचण असेल तर ती नियम लिहिणाऱ्याला माहिती नसण्याची.

आणि ती माहिती मिळण्याची मुदत संपत आली आहे. मोट थांबली, नाडा आणि सोंदूर हे शब्दही मुलांना परके झाले. चाड्यावर मूठ धरलेली, पाभरीमागे उभी राहून तासाकडे पाहणारी, खळ्यावर तिवड्याभोवती पात फिरविलेली, उधळताना वाऱ्याची दिशा ओळखणारी बायामाणसे अजून गावोगाव आहेत. पण ती आता म्हातारी झाली आहेत. सुमेरच्या शेतकऱ्याचे भाग्य असे की, त्याच्या कामाचे थोडे तरी कोणी मातीवर उतरवून ठेवले. आपल्या शेतकऱ्याचे आणि विशेषतः आपल्या शेतकरीणीचे काम, बियाणे निवडणे, राखेत घोळून मडक्यात ठेवणे, निंदणी, खुरपणी, वेचणी, हे उतरवून घेण्याची साधने आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. शाळांनी हे काम हाती घ्यावे. एकेका वर्गाने एकेका कामाची विचारपूस करावी: केव्हा, कसे, कोणाच्या हाताने, आणि शेवटी धान्य कोणाच्या घरी. कटोनाच्या एका चौथीच्या बाईंनी पाच हजार वर्षांपूर्वीच्या कोठाराचा खेळ मुलांपुढे उभा केला. आमच्या शाळांतील बाईंना आणि गुरुजींना तर ज्यांना विचारावयाचे ती माणसे गावातच भेटतील. त्यांनी सांगितलेले टिपून ठेवले तर पुढे कोणी त्याचा ग्रंथ करील, कोणी खेळ करील. ते ज्याचे त्याने ठरवावे. टिपण मात्र आजच झाले पाहिजे.